वहीतलं नाणेघाट

आमच्या लहानपणीच्या सहलींचे फोटो जवळजवळ नाहीतच. घरी कॅमेरा नव्हता, एकदा दादाच्या मित्राकडून हॉटशॉट मागून आणला होता तेवढाच. पण आईची वही आहे. बाबांना दर वर्षी कंपनीची डायरी मिळायची, त्यातली एक तिनं फक्त "बाहेर जाणं" ह्या खात्याला ठेवलेली. लग्नं, बारशी, दवाखाना, किराणा ह्यांच्या वह्या वेगळ्या, ह्या वहीत फक्त आपण फिरायला गेलो ते. वर तारीख आणि गाव, खाली खर्च, खर्चाखाली बेरीज, आणि बेरजेच्याही खाली एक ओळ जी कायम "राहिलं" ह्या शब्दानं सुरू होते. म्हणजे तिथे जाऊनसुद्धा काय बघायचं राहिलं ते.

१९९४ च्या दिवाळीच्या सुट्टीतली नोंद अशी आहे. शिवनेरी. एसटी जाऊन-येऊन १३६. नारळ, ओटी ११. चहा ६. उसाचा रस ८. एकूण १६१. राहिलं: वरचं.

मी तेव्हा आठ वर्षांची, दादा अकराचा, त्यामुळे आमची दोघांची हाफ तिकिटं, आई, बाबा आणि आजीची फुल. आम्ही भोसरीला राहायचो. बाबा एमआयडीसीत, आणि ज्यांनी पिंपरी-चिंचवडमध्ये दिवस काढलेत त्यांना सांगायला नको की तिकडची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. आमची शाळेची सुट्टी रविवारी. म्हणजे अख्ख्या वर्षात बाबांचा मोकळा दिवस आणि आमचा मोकळा दिवस एक यायचा तो दिवाळीच्या सुट्टीतल्या आणि मे महिन्यातल्या गुरुवारी, त्यातही पाहुणे नाहीत, कुणाचं लग्न नाही, आजीची तब्येत बरी आहे असा गुरुवार शोधायचा. असा दिवस मिळाला की आदल्या रात्री आई तिखट-मिठाच्या पुऱ्या करायला बसायची, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं, आणि पहाटे पाचला नाशिक फाट्यावर आम्ही सगळे. मुक्काम कधीच नाही. मुक्कामाला पैसे लागतात आणि शुक्रवारी पहिली शिफ्ट असायची.

नारायणगावला गाडी थांबली की बाबांचा आवाज बदलायचा. एरवी कमी बोलणारा माणूस, पण जुन्नरकडे वळल्यावर खिडकीतून बोट करून सुरू व्हायचे, तो बघा शिवनेरी, १६३० साल, १९ फेब्रुवारी, जिजाऊंना शहाजीराजांनी ह्याच गडावर सुरक्षित ठेवलं होतं. आजूबाजूचे प्रवासीपण ऐकायचे. मला बाबा त्या दिवशी जेवढे आवडायचे तेवढे वर्षभरात कधी आवडले नसतील.

शिवनेरीला पायऱ्यांच्या वाटेनं गेलं की एकामागून एक सात दरवाजे लागतात, आणि वाटेतच कातळाला चिकटून शिवाईचं देऊळ. तिथपर्यंत आजी आली, गुडघे धरत, थांबत, पण आली. आईनं देवीची ओटी भरली. त्यानंतर आजी म्हणाली आता मला होणार नाही, तुम्ही जाऊन या. मग आजीपाशी कुणी बसायचं हा प्रश्नच आला नाही. आई बसली. पाच लिटरचा पाण्याचा कॅन, डब्यांची पिशवी, आमचे स्वेटर, सगळं तिच्या भोवती, आणि आम्ही तिघं वर. अंबरखाना बघितला, गंगा-जमुना टाक्यांचं थंडगार पाणी प्यायलो, जन्मस्थानाच्या खोलीत तो पाळणा बघितला, कडेलोटाच्या टोकाशी बाबांनी आमचे दोघांचे हात इतके घट्ट धरले होते की मनगटाला वळ उठले. खाली आलो तेव्हा आईनं डबे उघडून ठेवले होते. "कसं आहे वर?" तिनं विचारलं आणि मी पुरी खात खात काहीतरी सांगितलं.

आई शिवनेरीला एकूण तीनदा गेली. तिन्ही वेळा शिवाईपर्यंत. दुसऱ्यांदा मावशीचं तान्हं बाळ होतं, तिसऱ्यांदा परत आजी. तिन्ही नोंदींखाली एकच ओळ आहे, राहिलं: वरचं.

हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे घडलं ते डोळ्यासमोर होतं, पण ते राहिलं होतं हे माहीत नव्हतं. वही तिच्या कपाटात, आम्ही कधी उघडली नाही, आणि ती स्वतःहून एका शब्दानं बोलली नाही. गेल्या वर्षी पावसाळ्यात भिंतीला ओल आली म्हणून कपाट रिकामं केलं तेव्हा वही हातात आली आणि मी जमिनीवर बसून पहिल्या पानापासून वाचत गेले. आळे, रेड्याची समाधी. राहिलं: प्रसाद, गाडी लागली. ओझर, विघ्नहर. राहिलं: धरण. खोडदच्या मोठ्या तबकड्या, रस्त्यावरून. तबकड्या म्हणजे तिथली रेडिओ दुर्बीण. त्याच्यापुढे कंसात लिहिलंय, एक तबकडी ४५ मीटर, अशा ३०, हे बाबांनी सांगितलं असणार आणि तिनं ते खर्चासारखंच टिपून ठेवलं. पूर्ण वहीत "राहिलं: काही नाही" असं फक्त एकदाच आहे, लेण्याद्रीला, कारण तिथे आजीला डोली केली होती. डोलीचे पैसे त्या काळात आम्हाला बरेच होते, त्या आकड्याखाली तिनं रेघ मारलीय, पण त्या दिवशी आई वर आली. गिरिजात्मजाच्या त्या मोठ्या ओवरीत एकही खांब नाही, एवढं छत कशावर उभं आहे ह्याचं तिला इतकं नवल वाटलं होतं की ती देवापेक्षा छताकडेच जास्त वेळ बघत होती, हे मला आठवतं.

लेण्याद्रीचं आणखी एक मला तेव्हा माहीत नव्हतं, मोठी झाल्यावर कळलं. तिथल्या शेजारच्या चैत्यगृहावर, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या लेण्यावर, एक लेख आहे, कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत ह्यानं हे चैत्यगृह दान दिलं असा. हेरणिक म्हणजे सोनार. आता कल्याण कुठे आणि जुन्नर कुठे, मध्ये सह्याद्रीची भिंत. तर ही माणसं वर यायची कशी? नाणेघाटातून. समुद्रावरून आलेला माल सोपारा, कल्याण करत घाटाच्या पायथ्याला, तिथून बैलांच्या पाठीवर वर, जुन्नर, मग पुढे पैठण. जुन्नरच्या आसपास जी दोनशेच्या वर लेणी आहेत त्यांच्यामागे ही वाट आहे, ह्या वाटेवरून चालणाऱ्यांचा पैसा आहे. हे कळल्यापासून मला नाणेघाटाला जायचं होतं. आणि वही वाचल्यापासून आईला घेऊन जायचं होतं, कारण तिथे गाडी थेट माथ्यापर्यंत जाते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. मी, माझा नवरा, नऊ वर्षांची लेक, आई आणि बाबा. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे ते काठी घेऊन. पहाटे साडेपाचला निघालो, आईनं रात्री जागून पुऱ्या केल्याच, मी म्हणलं अगं वाटेत हॉटेलं आहेत, तर म्हणाली असू देत. जुन्नरच्या पुढे आपटाळ्यावरून रस्ता पश्चिमेला जातो, वाटेत चावंड गडाचा कातळ, मग कुकडीचं खोरं, घाटघर, आणि एका ठिकाणी रस्ता संपतो आणि जमीनपण संपते. पुढे एकदम कोकण. पावसाळ्यात इथे दरीतला वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो, ते बघायला शनिवार-रविवारी इतकी गर्दी होते की गाड्या लावायला जागा नसते, आणि त्या गर्दीतले कितीतरी लोक पन्नास पावलं खाली असलेल्या लेण्यात डोकावतसुद्धा नाहीत, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. मेमध्ये कुणी नव्हतं. वारा, नानाच्या अंगठ्याचा तो सुळका, बाजूला जीवधन गड, आणि हिरड्याच्या झाडाखाली करवंदं विकणारी एक आजी.

माथ्यावर वाटेच्या तोंडाशी दगडाचा एकसंध रांजण आहे. जकात त्यात टाकायचे असं सांगतात. लेकीनं आत वाकून बघितलं.

तिथून खिंडीतून दगडी फरसबंदीची वाट उतरते, लेणं लगेचच खाली. फार नाही, पण दगड झिजून गुळगुळीत झालेत आणि उतार आहे. बाबा दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. काठी घसरत होती. "तुम्ही जाऊन या," ते म्हणाले, "मी बसतो इथे सामानाजवळ."

आईनं त्यांच्याकडे बघितलं, मग पाण्याची बाटली आणि डब्यांची पिशवी त्यांच्या शेजारी सावलीत नीट टेकवून ठेवली. "अहो, टोपी घाला," म्हणाली आणि माझा हात धरून उतरायला लागली.

लेणं म्हणजे एक चौकोनी मोठी खोली, तीस फूट बाय तीस फूट असेल, तीन बाजूंनी कातळातच कोरलेला बाक. उन्हातून आत शिरल्यावर आधी काही दिसत नाही, मग हळूहळू डाव्या आणि उजव्या भिंतीवर अक्षरं उमटायला लागतात. ओळीच्या ओळी. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची. कितीतरी ठिकाणी दगड फुटलाय, शब्द गेलेत. आई बाकावर बसली. "काय लिहिलंय?" तिनं विचारलं.

मी घरून टिपण काढून आणलं होतं. सांगायला लागले, की हा लेख सातवाहनांची राणी नागनिका हिचा मानतात. सुरुवातीला देवांना नमस्कार आहे, धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य, आणि चार दिशांचे चार लोकपाल. मग राणीबद्दल, की ती महिना महिना उपास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी जगलेली. मग तिनं आणि राजानं कोणकोणते यज्ञ केले ते, अश्वमेध, राजसूय, आणखी बरेच, आणि प्रत्येक यज्ञाला काय दक्षिणा दिली ते.

"काय दिली?"

तोपर्यंत आई पाहुण्यासारखी ऐकत होती. दक्षिणा म्हटल्यावर ती सरळ बसली.

मी वाचत गेले. १,७०० गाई आणि १० हत्ती. पुढे ११,००० गाई, १,००० घोडे. चांदीची भांडी, वस्त्रं. १०,००१ गाई. १,१०१ गाई. २४,४०० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. बघायला जमलेल्या लोकांना आणि चाकरांना वाटले ते ६,००१. आई मध्येच म्हणाली थांब, परत सांग, दहा हजार किती? दहा हजार एक. आणि तो वाटपाचा? सहा हजार एक.

"म्हणजे आहेरासारखंच की," आई म्हणाली. "वर एक ठेवलाय."

मी हा लेख किती ठिकाणी वाचला होता, यज्ञांची नावं पाठ झाली होती, सातवाहनांच्या काळाबद्दल अभ्यासकांचे वाद वाचले होते, पण तो वरचा एक माझ्या लक्षातच आला नव्हता. आईच्या डोक्यात तो पहिल्या झटक्यात गेला. एकावन्न, एकशे एक, एक हजार एक, तिनं आयुष्यभर पाकिटं भरली आहेत आणि कुणी किती दिले, आपण किती परत केले हे लिहून ठेवलंय. त्या राणीच्या मनात काय होतं ते मला सांगता येणार नाही. पण त्या खोलीत त्या क्षणी माझी आई त्या भिंतीला ओळखत होती आणि मी ओळखत नव्हते.

मग तिनं विचारलं, आकडे कुठे आहेत, दाखव. हे बरं झालं कारण नाणेघाट खरं म्हणजे आकड्यांसाठीच अभ्यासकांमध्ये प्रसिद्ध आहे, भगवानलाल इंद्रजींनी १८७० च्या दशकात इथले अंक वाचले. एक आणि दोन म्हणजे आडव्या रेघा. दहाला वेगळी खूण, वीसला वेगळी, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. शून्य नाही. लेकीनं लगेच विचारलं, शून्याशिवाय चोवीस हजार चारशे कसे लिहायचे? मी सांगायला तोंड उघडलं, की हजाराच्या खुणेला विसाची खूण जोडायची, मग हजाराच्या खुणेला चार जोडायचे, मग शंभराच्या खुणेला चार. ती गोंधळली. तर आई तिला म्हणाली, "बोलून बघ. वीस हजार, चार हजार, चारशे. बोलताना कुठे येतो शून्य?"

खरंच येत नाही. महिला मंडळाच्या भिशीचा हिशोब आई पंधरा वर्षं सांभाळत होती, नोटा मोजताना ती अशीच पुटपुटायची, एवढे हजार, एवढे शे, वर एवढे. लेक मग बोटानं हवेत खुणा काढत बसली.

समोरच्या भिंतीवर पूर्वी पुतळे होते. राजघराण्यातल्या माणसांचे, ओळीनं उभे. आज एकही नाही. वर कोरलेली नावं आहेत आणि खाली कुठे कुठे पावलांच्या खुणा राहिल्यात, बास. राजा सिमुक सातवाहन. मग देवी नायनिका, म्हणजेच नागनिका, आणि राजा श्री सातकर्णी, ह्याच क्रमानं, आधी राणीचं नाव. मग कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. महारठी हा किताब, आणि हे त्रणकयिर नागनिकेचे वडील असावेत असं मानतात, म्हणजे सासर आणि माहेर एकाच भिंतीवर. हे ऐकून आई उठली आणि जवळ जाऊन नावाखालची रिकामी जागा बराच वेळ बघत राहिली. हात नाही लावला. खरं तर मी तिला सांगणार होते की भिंतीला हात लावू नकोस, पण तिनं आधीच दोन्ही हात पदराखाली धरले होते. लेण्यांमधून नावं कोरून ठेवणाऱ्या पोरांना कुणीतरी असं शिकवायला हवं होतं, लहानपणी, कुणाचं तरी बोट धरून. मला त्या कोरलेल्या बदामांचा फार राग येतो.

"पोरं कोण तिची?" आईनं विचारलं. लेखात मुलांची नावं आहेत, वेदिसिरी हे त्यातलं स्पष्ट, त्याची आई असा तिचा उल्लेख आहे. आई म्हणाली, "बरं केलं लिहून ठेवलं." एवढंच.

आम्ही तिथे तासभर होतो. एका दिवसात पाच ठिकाणं उरकायची, फोटो काढायचे आणि पळायचं, ही जी हल्ली सहलीची पद्धत झालीय ती मला पटत नाही, लहान मुलांना तर अजिबात नेऊ नये असं. एकच जागा, पण तिथे बसायला वेळ हवा. आम्ही बसलो म्हणून आईला आकडे दिसले.

वर आलो तर बाबांनी करवंदवाल्या आजीशी गप्पा मारून तिच्या गावचं सगळं काढून घेतलं होतं, हिरडा कधी गोळा करतात, पाऊस किती, पाणी कुठून आणता. डबे उघडून ठेवले होते. पुऱ्या एका झाकणात, भाजी एका झाकणात, चटणीवर कागद, कारण वारा होता.

"कसं आहे खाली?" त्यांनी विचारलं.

आणि आई सांगायला लागली. अहो, बाईचा लेख आहे. गाई किती, घोडे किती, सगळं लिहिलंय. सगळ्यावर एक ठेवलाय. आकडे तिनं एकही चुकवला नाही, ज्याचं टिपण माझ्या हातात होतं ते तिच्या डोक्यात होतं. बाबा पुरी हातात धरून ऐकत होते. माझ्या लहानपणी एसटीत सगळे प्रवासी बाबांचं ऐकायचे, तसं.

येताना पूरला कुकडेश्वराच्या देवळात थांबलो, मग जुन्नर. शिवनेरीवर ऊन उतरत होतं. पायथ्याला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली असती, वर जाऊन काळोखाआधी खाली येणं शक्य नव्हतं, सगळ्यांना कळत होतं. आई खिडकीतून बघत राहिली, मान वळवून, गड मागे पडेपर्यंत.

रात्री घरी पोचल्यावर मी आंघोळ करून आले तर ती स्वयंपाकघरात टेबलाशी वही घेऊन बसलेली. जुनीच वही, शेवटची काही पानं शिल्लक आहेत. मला विचारलं पेट्रोल किती झालं, जावईबापूंना विचारून सांग. मी आकडा सांगितला, चष्मा वर करून तिनं लिहिला.

नाणेघाट. पेट्रोल १,६००. वडापाव, चहा २३०. करवंदं १००. कुकडेश्वर, पेटीत १०१. एकूण २,०३१.

बेरजेखाली रेघ मारली. मग थोडा वेळ पेन तसंच धरून बसली आणि त्या वहीत पहिल्यांदाच राहिलंच्या खाली दोन ओळी लिहिल्या.

राहिलं: शिवनेरी, वरचं, माझं.
लेणं, ह्यांचं.